तीन बोटांचं थोटूक

गणपतरावांनी चिरूट आधी कानाला लावला. अंगठा आणि तर्जनी यांच्यात हलकेच दाबून, डोळे मिटून ते ऐकत राहिले. कोरडं पान कुरकुरतं, ओलं पान मुकं राहतं, आणि नीट मुरलेलं पान झोपेत कूस बदलावी तेवढाच आवाज करतं, असं त्यांचं मत होतं. हे मत कोल्हापुरात कुणी खोडून काढलेलं नव्हतं, कारण चिरूट कानाला लावणारा दुसरा माणूस कोल्हापुरात नव्हता.

समोर उकिडवा बसलेला मौलाली त्यांच्या भुवयांकडे बघत होता. त्यानं श्वास धरला होता की सोडला होता, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

ही तपासणी कचेरीत व्हायची ती आज कसबा बावड्यात, कृष्णातच्या गुऱ्हाळात चालली होती. मौलालीनंच तसा हट्ट धरला होता. चिरूट जिथं मुरला तिथंच ओढून बघा, एवढंच त्याचं म्हणणं. गणपतराव टांग्यातून उतरले तेव्हा कृष्णातनं "या पावणं" म्हणून स्वागत केलं आणि उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीजवळ येण्याआधी जोडे काढायला लावले. संस्थानच्या पाव्हण्यांची सरबराई ज्यांच्याकडे होती, ज्यांच्या शब्दाशिवाय पाव्हण्यांच्या बंगल्यात साबणाची वडीसुद्धा जात नसे, ते गणपतराव मोज्यांनिशी घोंगड्यावर बसले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्यांनी तो उजव्या पायाखाली घेतला आणि पदाची शान राखली.

महाराजांना गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. हिवाळ्यात शिकारीला गोरे पाव्हणे येत, आणि त्यांच्यासाठी चिरूट मद्रासेकडून पत्र्याच्या डब्यांतून येत. मौलालीचं घर गंगावेशीत. चिरूट वळण्यात त्याची हयात गेली होती आणि मनात एकच गोष्ट उरली होती: महाराजांच्या पाव्हण्यांनी एकदा तरी कोल्हापूरचा चिरूट पेटवावा. त्यासाठी तो दर हिवाळ्यात काहीतरी नवा वास मुरवून आणी आणि गणपतराव तो दर हिवाळ्यात परत करत. गुलाबपाण्यात मुरवलेला चिरूट त्यांनी दोन झुरक्यांत खाली ठेवला होता. हे वरातीत पाव्हण्यांच्या अंगावर शिंपडतात, ओढायला देत नाहीत, असं ते म्हणाले होते. पुढच्या वर्षी लवंगेचा आणला, तर आपली दाढ दुखत नाही एवढंच सांगून त्यांनी मौलालीला वाटेला लावलं होतं.

या चिरुटात मात्र मौलालीनं काही मुरवलं नव्हतं. निपाणीहून आणलेलं पान यंदा इतकं सुकं निघालं, की हात लावला तर भुगा व्हायचा. थोडी वाफ लागून ते मऊ पडावं म्हणून त्यानं पानांच्या जुड्या कृष्णातच्या छपराच्या वाशांना, बरोबर काहिलीच्या वर टांगल्या. संध्याकाळी नेतो म्हणाला, आणि ताप येऊन अंथरुणाला खिळला. उठून बावड्याला आला तोवर रसाची कितीतरी आदणं खालून उकळून गेली होती. पान काळपट, चिकट, जड झालेलं. ते फेकायलाच निघाला होता. पण त्याची बायको इमामबी हिनं त्यातलं एक पान हुंगलं, तिथंच मांडीवर एक चिरूट वळला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"पेटवा," गणपतराव म्हणाले.

मौलालीनं काहिलीखालच्या चुलवाणातून पेटतं चिपाड आणून धरलं. गणपतरावांनी पहिला झुरका तोंडात फिरवून सोडला. धूर निळा आणि सरळ वर गेला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्या चेहऱ्यावर काही दिसू नये याचीच त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती.

पहिल्या धुरात नव्या खोगिराचा वास होता आणि त्याच्या पाठीमागे नांगरलेल्या काळ्या रानाचा. चांगलं पान होतं. चांगली पानं त्यांनी पुष्कळ ओढली होती. मग राख बोटभर झाली आणि घशाशी काहीतरी गोड येऊन थांबलं. साखरेसारखं उथळ नव्हे. काहिलीतला पाक उतरायला येतो, कृष्णात फावड्यानं तो वर उचलून धार बघतो आणि सगळं छप्पर त्या वासानं क्षणभर गप्प होतं, तेव्हाचं ते गोड. गणपतरावांनी डोळे मिटले. मग ते उघडायचे राहून गेले.

मौलाली आता त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो चिरुटाची लांबी बघत होता.

कारण गणपतरावांचं थोटूक ठरलेलं असे. तीन बोटं. चिरूट कितीही उंची असो, तीन बोटं उरली की ते तो बशीत ठेवून देत. शेवटपर्यंत ओढणं हे हावरटपणाचं लक्षण, असं त्यांचं म्हणणं. कचेरीत या गोष्टीचा मोठा परिणाम झाला होता. हाताखालचे कामदार दोन बोटं सोडत, कारकून एक बोट, आणि कुणाला बढती मिळाली तर ती हुकूम निघण्याआधी बशीत दिसे. नावडता चिरूट असला तर गणपतराव अर्धाही ओढत नसत. आवडला तर तीन बोटं. याहून जास्त स्तुती त्यांनी कधी कुणाची केली नव्हती.

चिरूट तीन बोटांवर आला. गणपतरावांचा हात सवयीनं बशीकडे निघाला आणि वाटेत थांबला.

बशीत ठेवण्याआधी घेतलेला तो झुरका त्यांनी घ्यायला नको होता. कारण त्या झुरक्यात खरवड होती. त्यांच्या मामाच्या गावी काहील उतरली की तळाला धरलेला करपट, तांबूस, किंचित कडू गूळ उलथन्यानं खरवडायला मिळायचा, आणि त्यासाठी ते भावंडांशी नखं लागेपर्यंत भांडले होते. वाफेनं पानात जे जे भरलं होतं ते जळत जळत मागे सरकून या टोकाला येऊन बसलं होतं. चिरुटातलं सगळ्यात चांगलं, ते नेमकं या तीन बोटांत होतं. तीस वर्षं आपण बशीत काय ठेवत आलो, असा एक विचार त्यांना चाटून गेला. त्यांनी हात मागे घेतला.

दोन बोटं राहिली. एक बोट राहिलं. मग त्यांनी उपरण्याची टाचणी काढून थोटकाला टोचली आणि ती ओठांशी धरली.

मौलालीनं मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून. आणि तिथं काहिलीपाशी कृष्णात एकदम ताठ उभा राहिला. नाक वर करून त्यानं चारी दिशांना हुंगलं.

"कायतरी करपलं," तो म्हणाला, आणि फावडं घेऊन काहिलीवर वाकला. तळ चाचपला, मळी बाजूला सारली, पाकाची धार धरून बघितली. पाक सोन्यासारखा होता. मग त्याची नजर हळूहळू घोंगड्यावर आली आणि गणपतरावांच्या उजव्या मिशीवर थांबली. डावी मिशी पांढरीशुभ्र, टोकाला वर वळलेली. उजवी तितकी लांब राहिली नव्हती आणि तिच्यातून एक बारीक धूर निघत होता.

"काहील न्हवं," कृष्णात म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

गणपतरावांनी मिशी चिमटीत विझवली. टाचणी पुसून उपरण्याला लावली. खाली ठेवायला थोटूक नव्हतं, म्हणून त्यांनी बशीत नुसतं बघितलं. मौलालीनंही बघितलं. चुलवाणापाशी बसलेली इमामबी बशी उचलायला आली, तिनंही बघितलं, आणि बशी न उचलताच ती छपराच्या खांबाशी जाऊन उभी राहिली.

गणपतरावांनी आता होय म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता, आणि जिभेवर अजून खरवडही होती. तेवढ्यात त्यांना मागची शिकार आठवली. मद्रासेचा उत्तम चिरूट एका साहेबानं दोन झुरके घेऊन बुटावरची गोचीड काढायला वापरला होता. दुसऱ्यानं अर्धा ओढून कुत्र्याला हुंगायला दिला होता. वर टांगलेल्या, वळून तयार असलेल्या चिरुटांच्या जुड्यांकडे त्यांनी पाहिलं. फार नव्हत्या. होय म्हटलं की सगळ्या बंगल्यावर जाणार, आणि तिथला एकही माणूस या तीन बोटांपर्यंत पोचणार नाही.

"चिरूट ठीक आहे," ते घसा साफ करत म्हणाले. "पण पाव्हण्यांना चालायचा नाही. त्यांना असल्या वासाची सवय नसते."

चुलवाणात एक चिपाड फुटलं. मौलालीनं रुमाल खांद्यावर टाकला.

"मग ऱ्हाऊ द्या, रावसाहेब. तुमच्या जिभेपुढं आमचं काय चालणार."

गणपतरावांनी उदारपणे हात हलवला. झाला खर्च वाया जाऊ नये म्हणून या जुड्या आपण स्वतःच घेऊ, असं ते म्हणाले. पुढच्या हंगामातल्याही घेऊ. माणसाला आधार द्यावा लागतो.

"ह्या जुड्या न्या की. तुमच्याच म्हणा," मौलाली म्हणाला. "पर पुढच्या न्हाईत व्हायच्या. आता पुन्ना न्हाय टांगणार."

"का?"

"सगळी उमर एका नावासाठी वळत आलो. त्या बंगल्यात न्हाय गेला तर चिरूट आन् बाजारातली पानपट्टी सारखीच. उरलेलं पान तपकिरीवाल्याला देतो. ही बी थकलीया."

हे तो रागावून बोलला असता तर गणपतरावांना सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसांचा बंदोबस्त त्यांना करता येत होता. मौलाली मात्र, ऊन उतरलं आता निघू या, असं म्हणावं तसं म्हणाला आणि उठून वरची पहिली जुडी सोडायला लागला.

गणपतराव त्या जुडीकडे बघत राहिले. पायाखालचा अंगठा कधी बाहेर आला ते त्यांना कळलं नाही. पुढचा हिवाळा येणार, काहील चढणार, पाक उतरणार, आणि वर वाशांना काही नसणार. कृष्णातनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं, आणि फावडं थांबवून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं:

"पावणं, खरं सांगा. पावण्यास्नी न्हाय चालत, का पावण्यास्नी द्यावासा वाटंना?"

गुऱ्हाळात असं बोललेलं चालतं. कचेरीत चाललं नसतं. गणपतरावांनी जळक्या मिशीवरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं.

"मौलाली," ते म्हणाले, "ती जुडी पुन्हा टांगा."

मौलालीचा हात वर तसाच राहिला.

"सगळा माल बंगल्यावर जाईल. डब्यावर तुमचं नाव घालायला सांगतो, कोल्हापूरसकट." मग त्यांचा आवाज एकदम कचेरीतला झाला. "पण एक अट आहे. रोजची काहील वेगळी, रोजची वाफ वेगळी. अशा मालाचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा बंगल्यावर जाण्याआधी प्रत्येक जुडीतला एक चिरूट मी जातीनं तपासणार. इथं येऊन. शेवटपर्यंत ओढून."

"परत्येक जुडीतला?" मौलालीनं विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून त्यानं ते छपराकडेच ठेवले.

"प्रत्येक. सरकारी काम आहे. त्यात सूट नाही."

गणपतराव उठले, जोडे घातले. कृष्णातनं उसाच्या पानात गरम गुळाचा खडा बांधून त्यांच्या हातात ठेवला. गुऱ्हाळातनं पाव्हणा मोकळ्या हातानं जात नसतो. टांगा रस्त्याला लागेपर्यंत मौलाली दाराशी उभा होता, हात छातीवर ठेवून.

तो आत आला तेव्हा इमामबी घोंगड्यावर बसली होती. वाशांवरच्या चिरुटांच्या मोठ्या जुड्या उतरवून तिनं समोर ओढल्या होत्या आणि त्यांचे दोरे सोडून टाकले होते. मौलाली काही विचारणार होता. पण तिनं मांडीवरचा नवा दोरा दातानं तोडला, ढिगातले मोजके चार-पाच चिरूट उचलले, त्यांची एक लहानशी जुडी बांधून बाजूला ठेवली, आणि पुढचा दोरा घेतला.