मिठागर दिनाचा फोटो

आमदारांनी विधानसभेत मिठागर कामगार दिनाची मागणी केली आणि ती बिनविरोध मान्य झाली. दिनाला विरोध कोण करणार? त्याला जागा लागत नाही, पाण्याची लाईनही लागत नाही.

दिन मिळाल्यावर मिठागरात राबलेलं कुणीतरी हवं. आमदारांचा स्वीय सहायक सौमित्र कोलशेतला येऊन सखुबाईंचा फोटो घेऊन गेला. "कार्यक्रमाला या हं आजी," असंही म्हणाला.

खाडीवरच्या देवीकडे जाणाऱ्या वाटेवर टॉवरवाल्यांनी गेट लावलेलं. ते उघडावं म्हणून सखुबाई तीन वर्षं आमदारांच्या ऑफिसात खेपा घालत होत्या. साहेब एकदाही भेटले नव्हते. बाहेरच्या बाकावरच "बघतो आजी" एवढं ऐकून त्या परत यायच्या. आज ते समोर असणार, तेव्हा विचारूनच टाकू. शिवाय दिन म्हणजे नेमकं करतात काय, तेही बघायचं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून, नात कल्पिताला घेऊन त्या नौपाड्यातल्या सभागृहात पोचल्या.

स्टेजवर त्यांचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. सौमित्रच्या मनात वाईट काही नव्हतं. वर्षभर दिन साजरे करून हाताला वळणच पडलेलं, टेबलावर फोटो दिसला की हार घालून मोकळा.

आमदार आले, हार पाहिला आणि हात जोडून म्हणाले, "सखुबाई आज आपल्यात नाहीत. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

सगळे उठले. सखुबाईही उठल्या.

"कल्पे, आपुन कोनासाठी उभं हाव गो?"

"तुझ्यासाठी. थांब, मी सांगते त्यांना."

"गप ऱ्हा. बगू दे, म्होरं काय करतान."

पुढे भाषण झालं. त्यात सखुबाईंना स्वतःविषयी बरीच नवी माहिती मिळाली. मीठ ओढताना त्या म्हणे गात असत. शेवटी आमदारांनी विचारलं, "या माउलीची अखेरची इच्छा कुणाला ठाऊक आहे का?"

सखुबाईंनी हात वर केला.

"आपण कोण?"

"बहीन तिची. खाडीच्या वाटंवरचा गेट उघडा, बोलायची ती."

"उद्या सकाळी उघडेल," आमदार म्हणाले. श्रद्धांजलीला टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळून लोकांनी त्या हळूच वाजवल्या.

दाराशी सौमित्रने गाठलं. चेहरा पांढराफटक. "आजी, चूक झाली माझी. तुम्ही जिवंत आहात हे आत्ता जाऊन साहेबांना सांगतो."

"घाई नको करू रं," सखुबाई म्हणाल्या. "आदी गेट उघडू दे. देवीला नारल देऊन येते, मंग सांग."