सूचीकाकांची तीन शीर्षकं

सूचीकाका पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूच्या करत. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे हे सांगणारी ती बारीक टायपातली पानं सहसा कोणी उलटूनही पाहत नाही. काकांनी मात्र ती चाळीस वर्षं इमानेइतबारे केली, म्हणून छापखान्यात त्यांना हे नाव पडलं. सध्या त्यांच्या हातात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवरचं सहाशे पानी पुस्तक होतं. सकाळीच छापखान्याचा निरोप आला होता की पाचपर्यंत सूची आली तर ठीक, नाहीतर पुस्तक सूचीविनाच छापायला घेऊ. सूचीविना सहाशे पानं म्हणजे काकांच्या मते दार नसलेलं घर.

सूची तयार होती. फक्त ती कॉम्प्युटरात होती आणि काका बाहेर होते.

त्याचं असं झालं. घरात कॉम्प्युटर एक आणि माणसं तीन. काकांचा सूची करायचा प्रोग्राम फक्त जुन्यापुराण्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चाले. काकूंना पत्ते खेळायला आणि बहिणीचं तोंड बघत गप्पा मारायला नवी सिस्टीम हवी होती. लेक कॉम्प्युटर दुरुस्त करी; तिला प्रयोगांसाठी तिसरीच हवी होती. मग तिने डिस्कचे तीन भाग पाडले आणि तिन्ही सिस्टीम एकाच डब्यात गुण्यागोविंदाने नांदायला बसवल्या. मशीन सुरू केलं की पडद्यावर तीन ओळी येत. दहा सेकंदांत एक निवडायची. नाही निवडली तर पहिली आपोआप सुरू होई.

या ओळींना नावं काय देऊ, असं तिने परवा बाबांना सहज विचारलं. चूक तिथेच झाली. काकांनी दोन दिवस घेतले, चार मसुदे फाडले, ओळींचा क्रम तीनदा बदलला आणि शेवटी सुवाच्य अक्षरात एक कागद दिला. लेक घाईत होती. तिने तो तसाच्या तसा उतरवला आणि कामावर गेली. पडद्यावर मावली तेवढीच अक्षरं उमटली, आणि आज दुपारी काकांना दिसलं ते असं:

कुटुंबातील सदस्यांच्या सोयीसाठी स्वतंत्रपणे राखून ठेवलेली...
कुटुंबातील सदस्यांच्या सोयीसाठी स्वतंत्रपणे राखून ठेवलेली...
कुटुंबातील सदस्यांच्या सोयीसाठी स्वतंत्रपणे राखून ठेवलेली...

काकांनी तिन्ही ओळी नीट वाचल्या. ‘स्वतंत्रपणे’च्या जागी ‘स्वतंत्र’ पुरलं असतं का, असा विचार मनात येतो न येतो तोच दहा सेकंद संपले आणि काकूंचे पत्ते समोर आले.

मशीन बंद केलं, तर काकूंची सिस्टीम जाता जाता स्वतःची डागडुजी करत बसली. वीस मिनिटं. दुसऱ्यांदा काकांनी चष्मा पुसून ठेवला होता. तरी क्रम आठवेना. पहिल्या मसुद्यात ते स्वतः मधे होते, दुसऱ्यात वर, तिसऱ्यात देव जाणे. शिवाय लेकीने बजावलं होतं, ‘माझ्या सिस्टीममध्ये चुकून शिरलात तर कशालाही हात लावू नका.’ तिचं काम आपल्या हातून पुसलं गेलं तर? बोट कळीवर तरंगत राहिलं आणि पुन्हा पत्ते आले. लेकीला फोन लावला, तो उचलला गेला नाही. घड्याळात साडेचार वाजून गेले. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

काकू आतून आल्या त्या बहिणीशी बोलायची वेळ झाली म्हणून. काकांनी सगळं सांगितलं, मधे दोनदा माफीही मागितली. काकूंनी मशीन पुन्हा सुरू केलं. तीन ओळी उमटल्या आणि आकडा उलटा पळू लागला. काकूंनी खालच्या बाणाची कळ दाबली. आकडा जागच्या जागी थांबला.

“थांबलं की,” काका पुटपुटले.

“हात लावला की थांबतं ते. तुम्ही हातच लावला नसेल.” त्यांनी बाण आणखी एकदा दाबला. “तुमची तिसरी.”

“अगं, पण नक्की का? मी क्रम तीनदा—”

“अहो, दारातून आत जाताना तुम्ही कुठे असता? फोटोत कुठे असता? आपल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्या मामाच्या मागे आहात. शंभरदा बदलला असलात तरी शेवटी स्वतःला खालीच घातलं असणार.”

त्यांनी कळ दाबली. जुनी सिस्टीम कण्हत उठली, आणि गोगलगायी अकारविल्हे समोर उभ्या राहिल्या. पाचला चार मिनिटं कमी असताना सूची छापखान्यात पोचली. काकूंची बहीण तोवर रुसली होती, पण ते त्या बघून घेणार होत्या.

संध्याकाळी लेकीने तो पडदा पाहिला आणि हसून हसून खुर्चीचा आधार घेतला. मग म्हणाली, “बाबा, एकेक शब्द द्या. एकच.”

काकांनी या वेळी फक्त अर्धा तास घेतला. कागदावर खरोखरच तीन शब्द होते: आई, लेक, मी.

“झकास,” लेक म्हणाली. मग तिने कागद डोळ्यांजवळ नेला. “हा ‘मी’वर बारीक एकाचा आकडा कसला?”

“तळटीप,” काका हळूच म्हणाले. “मागच्या बाजूला आहे.”