कागदी ताटलीतली तीन भोकं

आमच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, जिथे कपडे काढून ठेवतो तिथे, भिंतीवर कागदी ताटल्या ठोकलेल्या आहेत. प्रत्येकीत तीन भोकं, खाली नाव आणि साल. माझी आहे, माझ्या भावाची आहे, आणि सगळ्यांत पिवळी पडलेली बाबांची. हरणांच्या शिकारीचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. त्याच्या आधीच्या दोन शनिवारी खडीच्या खाणीत सत्तर पावलांवरून ताटलीत तीन गोळ्या बसवायच्या. बसल्या तर जंगलात जायचं, नाहीतर पुढच्या वर्षी. बंदूक मात्र ठरलेली, बाबांची जबर धक्का देणारी थर्टी-ऑट-सिक्स.

माझी भाची सेन्या बारा वर्षांची आहे. तिचे वडील सरोवरावरच्या खनिजाच्या जहाजावर असतात, जानेवारीशिवाय घरी येत नाहीत. गेल्या शनिवारी तिची एक गोळी ताटलीच्या खालच्या काठाला लागली आणि दोन वाळूत गेल्या. आज शेवटची संधी होती.

सकाळी गाडीत ती म्हणाली, "आत्या, चाप दाबला ना, की जग विझतं."

मला ते ठाऊक होतं. पापणी मिटून उघडायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. गोळी त्याच्या कितीतरी आधी पोचलेली असते.

खाणीत धुकं होतं. सरोवर दिसत नव्हतं, फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. बर्फ पडत होता की हवेतच थांबला होता, ते सांगणं कठीण होतं. मी गाडीतून माझी दुसरी बंदूक काढली, टू-फोर्टी-थ्री. धक्का निम्म्याहून कमी.

बाबा आमच्या आधीच येऊन थांबले होते. त्यांनी त्या बंदुकीचं काडतूस बोटांत धरून पाहिलं. "हे काय, चिमण्या मारायला?"

"हरणाला काडतुसाचा नंबर वाचता येत नाही, बाबा."

"या घरात पहिलं हरीण माझ्याच बंदुकीनं पडतं. तुझंही पडलं होतं."

"पडलं होतं. जखमी होऊन, दुसऱ्या दिवशी, दोन मैलांवर."

बाबा वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवत राहिले.

"बरं, तुमचीच बंदूक," मी म्हटलं. "पण काडतूस मी भरून देणार. एकेक."

माझ्या टोपीत थर्टी-ऑट-सिक्सची सहा काडतुसं होती. त्यांतली दोन मी घरी तयार केलेली, आत बंदुकीची दारू नाही, म्हणून न उडणारी. बाहेरून ती ओळखू येत नाहीत. सेन्याला मी पहिलंच तसलं दिलं.

चाप दाबला गेला. टक् एवढाच आवाज. धक्का नव्हता, तरी नळीचं टोक वीतभर खाली गेलं आणि सेन्याचे डोळे घट्ट मिटले. न आलेल्या धक्क्याला तिचं अंग आधीच भ्यालं होतं.

कानावरचं झाकण काढून ती रडायला लागली. "मी घाबरट आहे ना, आजोबा?"

"छे, छे. डोळे उघडे ठेवायचे, बस. आण इकडे, बघ कसं ते." बाबा दगडी ओट्यापाशी बसले, गालाशी दस्ता टेकवला. "भर गं."

टोपीत माझी बोटं थांबली. गेल्या वर्षी त्यांची गोळी लागलेल्या मोठ्या नर हरणाचं रक्त आम्ही देवदारांच्या दलदलीपर्यंत शोधत गेलो होतो. तिथे ते संपलं. बंदुकीवरची दुर्बीण बिघडली, असं बाबा म्हणाले होते. नंतर मी ती तपासली होती. दुर्बीण ठीक होती.

मी दुसरं दारू नसलेलं काडतूस भरलं.

टक्. नळी खाली गेली. बाबांचा खांदा पुढे आला होता आणि डोळे मिटलेले होते. ते उघडायला त्यांना फार वेळ लागला.

सेन्याचं रडणं थांबलं. "आजोबा, तुमचंपण?"

"किती वर्षांपासून?" त्यांनी मला विचारलं.

"मोजलं नाही मी."

ते उठले. टू-फोर्टी-थ्रीचं ते मघाचं काडतूस त्यांनी खिशात ठेवलं होतं. तळहातावर घेऊन त्यांनी मूठ मिटली, जणू पाखराचं अंडं उबेला धरलंय. मग ते माझ्या बंदुकीत स्वतः भरलं आणि सेन्यापुढे ठेवलं. "घे. घाई नको. ताटली कुठे पळून जात नाही."

पहिला बार धुक्यात विरघळला आणि पाण्यावरून सावकाश परत आला. सेन्या हलली नाही. मग एकदम ओरडली, "आत्या! मला दिसलं! आधी पांढरं होतं, मग भोक होतं!"

आणखी दोन. तिन्ही माझ्या तळहाताखाली झाकली जातील एवढी जवळ.

बाबांनी ताटली उतरवून तिच्या हातात दिली. "नाव लिही, साल लिही. पंधराला तुझ्यामागे मी बसेन. कॉफीचा थर्मास घेऊन."

"आणि तुमची बंदूक?"

"आधी माझी ताटली."

त्यांनी कोरी ताटली ठोकली, परत येऊन माझ्या बंदुकीमागे बसले आणि काडतुसं भरायला मला नाही, सेन्याला सांगितलं. "मला न दाखवता भर. मधे ते मेलेलं, बिनदारूचंपण घाल."

"ते या बंदुकीचं नाही, आजोबा."

"मग घरी जाऊन आत्याला या बंदुकीचं करायला लाव," ते म्हणाले. "मी थांबतो."

आम्ही निघालो तेव्हा ते तिथेच बसले होते, डोळे उघडे ठेवून, पांढऱ्या ताटलीकडे पाहत. त्यांच्या पापण्यांवर बर्फ पडत होता.