पाइपवरचं उत्तर

ऑस्ट्रेलियातल्या कलगुर्लीच्या त्या सोन्याच्या खाणीत छताचा आवाज ओळखण्यात डेस ट्रेव्होरोचा हात कुणी धरू शकत नसे. पहारीनं ठोकायचं: खणखणीत वाजलं तर छत पक्कं, बद्द वाजलं तर सुटलेलं. मग मागच्या जोडीदारानं भिंतीवरच्या पाइपवर दोनदा ठोकायचं, म्हणजे 'ऐकलं, चल.' त्याचा जोडीदार ब्रूनो.

एकदा छत खणखणीत वाजलं, पण छताची हालचाल मोजणाऱ्या नव्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर चढत होती. डेसला ती वाचता येत नव्हती, आणि या वयात शिकायची लाज वाटायची. "रेघोट्यांवर खाण चालते होय!" तो हसला. ब्रूनोही हसला, पाइप ठोकला आणि त्या दिवशी तोच पुढे होऊन आत गेला. छत त्याच्यावर खाली आलं.

तेव्हापासून पहार मारली की मागे कुणी नसताना पाइप वाजायचा. टक टक. मेल्यानं पिच्छाच पुरवला. वैतागून डेसनं पहार सोडली आणि नेरिडा या तरुण इंजिनिअरकडून पडदा शिकला, अगदी हट्टानं. पाइप गप्प झाला.

त्या सकाळी रेघ सपाट होती.

"चल म्हाताऱ्या, आज मी पुढे," नेरिडा म्हणाली.

टक टक.

"आता काय रे बाबा? शिकलो ना मी!" डेस खेकसला.

"कुणाशी बोलतोयस?"

टक टक. टक टक. डेसनं वर छताकडे पाहिलं. आपण छत ठोकलंच नाही, मग हा उत्तर कशाला देतोय?

त्यानं भिंतीशी पडलेली पहार उचलून ठोकली. बद्द!

"मागे हो!" त्यानं नेरिडाला दंडाला धरून ओढलं. ती उभी होती तिथे धोंडा कोसळला.

नेरिडानं धोंड्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "यंत्राचा मापक छतात वर खोल बसवलाय रे. खालचा पापुद्रा सुटला तर त्याला कळतच नाही."

"आणि पहारीनं मला वरचं कळत नव्हतं," डेस म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी आधी रेघ पाहिली. मग डेसनं ठोकलं. खणखणीत. तो तसाच उभा राहिला.

"जायचं ना?"

"थांब. त्याचं उत्तर येऊ दे."

काहीच आलं नाही. नेरिडानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग पान्ह्यानं पाइपवर दोनदा ठोकलं. "ऐकलं," ती म्हणाली.

डेस आत निघाला. चुकलं तर पाइप वाजवायला मागे आता ब्रूनो नव्हता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला खाणीची भीती वाटली.