बत्तीस जणांची हजेरी

धाकट्या मावशीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच माणसाशी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. कुलपं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी तेव्हा पाचवी ‘अ’मध्ये नव्यानं आली होती. चार महिने झाले तरी सगळे तिला ‘नवी’च म्हणत. बाकावर जागा नाही म्हणून ती खडूच्या रिकाम्या खोक्यावर बसे. जागा होती, सरकायला कुणी तयार नव्हतं.

‘अ’ आणि ‘ब’ या वर्गांच्या मध्ये फळ्यांची भिंत होती आणि त्या भिंतीहून जाड वैर. ज्या वर्गाची हजेरी आठवडाभर पूर्ण भरे, त्याला शनिवारी शाळा सुटल्याची घंटा वाजवायला मिळे. बरोबरी झाली तर शिपाईच वाजवी. त्या घंटेपायी मुलं अंगात ताप घेऊन शाळेत येत. गालफुगी झालेला एक जण तर डोक्यावर उशीचा अभ्रा घालून तीन दिवस बसला होता.

त्या शनिवारी दोन्ही वर्ग बरोबरीत होते. आणि नेमका त्याच सकाळी समोरच्या दातांच्या डॉक्टरकडे सर्कशीतला पाणघोडा दाढ काढायला आला.

“असं काय रोज बघायला मिळतं?” वर्गाचा कप्तान म्हणाला. “ए नवे, तू आमचे आवाज काढतेस ना? सगळ्यांची हजेरी तूच दे. जमलं तर सोमवारपासून मधल्या बाकावर, माझ्या शेजारी.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर खोकं आहेच की तुझं!”

एकतीस जण खिडकीतून पसार झाले. नवीनं बाकांवर दप्तरं उभी केली, त्यांना टोप्या घातल्या. मास्तरांना चष्म्यापलीकडे फक्त रंग दिसत. ते आले, खुर्चीत बसले आणि खूश झाले. “आज वर्ग कसा शांत आहे! एक?”

“हजर,” नवी कप्तानाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग पळत दुसऱ्या बाकामागे गेली. सर्दीवाल्याचं हजर नाकातून काढलं, जुळ्यांपैकी मोठ्याचं आधी खोकून, धाकट्याचं नंतर खोकून.

“एकोणीस, सरळ बस!” मास्तर गरजले. दप्तर घसरून खाली पडलं. “हं, आता कसं!”

एकतीसपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. मग मास्तर म्हणाले, “बत्तीस?”

बत्तीस ती स्वतःच. तिनं तोंड उघडलं, पण आपला आवाज कुठला, हेच तिला आठवेना. कप्तानाचा आला, सर्दीवाल्याचा आला. त्यातला एकही तिचा नव्हता.

“बत्तीस गैरहजर…” मास्तरांनी पेन टेकवलं. मधला बाक गेला, घंटा गेली. आता जन्मभर खोकं.

“हजर!”

भिंतीवरचा नकाशा हलला. त्याच्या कडेला, फळीतल्या भोकाला ‘ब’ वर्गातल्या भोंग्याचं तोंड लागलं होतं. भोंगा म्हणजे शिंप्याची मुलगी. ती शिंकली तरी शिपायाला घंटा झाली असं वाटे.

“शाब्बास बत्तीस! असं खणखणीत बोलावं,” मास्तर म्हणाले.

पलीकडे त्याच वेळी ‘ब’च्या बाई विचारत होत्या, “अठरा? अठरा नाही आली?” अठरा म्हणजे भोंगा, आणि तिचं तोंड भोकात. बाईंनी गैरहजेरी मांडली; त्या शाईनं लिहीत आणि लिहिलेलं कधी खोडत नसत.

एकतीस जण पाणघोडा बघून परतले, घंटा ‘अ’नं वाजवली आणि सगळे दप्तरं आवरायला वर्गात आले. कप्तानानं आपला शब्द सोमवारची वाट न बघता पाळला. “सरका रे! बस नवे, इथं बस.”

बाक गरम होता, दोन्ही बाजूंनी कोपरं लागत होती. खिडकीतून बाहेरच्या पायऱ्या दिसत होत्या. तिथं भोंगा एकटीच डबा उघडून बसली होती. ‘ब’ वर्गातलं कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

नवी उठली.

“कुठं चाललीस?” कप्तान म्हणाला. “ती ‘ब’मधली आहे! गेलीस तर जागा गेली, सांगून ठेवतो.”

“गेली तर गेली.”

ती पायरीवर बसली. “का ओरडलीस गं?”

“चार नंबरच्या हजेरीपासून भोकातून बघत होते,” भोंगा घास चावत म्हणाली. “हसून हसून पोट दुखलं. एकतीस जणांचं केलंस आणि तूच राहिलीस! मला नाही राहवलं. लोणी हवंय?”

“दे. तुझे वर्गातले किती दिवस बोलणार नाहीत?”

“पुढचा पाणघोडा येईपर्यंत.”

दोघी इतक्या हसल्या की शिपाई धावत बाहेर आला.

मास्तर दोन वर्षांनी, वार्षिक परीक्षेच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी वारले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की त्या शनिवारी बत्तीसच्या बत्तीस जण हजर होते.