बिल्ला नंबर तीनशे अठरा

“सिस्टरबाई, रोज सकाळी तुमच्या मागं कोण लागते जी?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता बरं का. माझ्या मैत्रिणींनी, कमला आणि सुकरीनं, पैज लावली होती. तोंडावर विचारायचं, आणि विचारलं तर दोन भाजलेली कणसं, तिखट-मीठ लावून. त्या दोघी दवाखान्याच्या खांबामागं तोंडावर हात दाबून उभ्या होत्या आणि मी खिडकीशी.

सिस्टरबाई म्हणजे इंदुताई, आमच्या माजरीच्या खाण कॉलनीतल्या दवाखान्याची नर्स. पस्तीस-छत्तीस वर्षांची असेल. रोज पहाटे साडेपाचला सलवार-कमीज आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून ती कॉलनीच्या गेटपासून रेल्वे फाटकापर्यंत धावत जायची आणि धावत परत यायची. गाडी सुटत नाही, कुत्रं मागं नाही, तरी बाई धावते! साल शहाऐंशी. धावणाऱ्या बाया आम्ही पेपरातल्या फोटोत पाहिल्या होत्या, पण फोटोतली बाई वेगळी आणि आपल्या नळावर पाणी भरणारी बाई वेगळी. आमच्या शेजारची गिरजाबाई म्हणायची, “नवरा नाई, पोरगं नाई, मंग धावन नाई तं काय करन?”

इंदुताईनं उकळत्या पाण्यातून चिमट्यानं सुया काढता काढता माझ्याकडं पाहिलं. रागावली नाही.

“मले नाई माहीत बाप्पा,” ती म्हणाली. “मी मागं वळून पाह्यतच नाई. तू ये उद्या. माझ्या मागून धाव आन् पाहून सांग कोण हाये ते.”

खांबामागून दोघी इतक्या मोठ्यानं खिदळल्या की कंपाउंडर बाहेर आला. कणसं मी जिंकली. एक तिथंच खाल्लं. खाताना सुकरी माझ्याकडं टक लावून बघत होती.

“काय वं?”

“काई नाई. तू भूक लागल्यासारखी खाऊन राह्यली, म्हणून पाह्यतो.”

तिचं बरोबर होतं. वर्षभरात मला अशी भूक लागली नव्हती.

त्या वर्षाबद्दल सांगते. मी विशाखा, दहावीत, दुसऱ्यांदा. नापास झाले म्हणून नाही. आदल्या थंडीत माझ्या छातीत काहीतरी सुरू झालं. फाटकाशेजारून कोळशाची मालगाडी जाताना पायाखालची जमीन थरथरते ना, तसं. गाडी तरी निघून जाते, ही थरथर जातच नव्हती. चाचणी परीक्षेत मी गणिताचा पेपर सोडून वर्गाबाहेर पळाले. मग जेवण सुटलं, वेणी सुटली, बोलणं सुटलं. सकाळी उठायचं म्हणजे अंगावरून गोणी बाजूला करायची, आणि ती रोज थोडी जड व्हायची. एका दुपारी मी नाल्याच्या काठावर जाऊन बसले. काही करायचं ठरवलं नव्हतं. नुसती बसले आणि उठता येईना. अंधार पडल्यावर बाबांनी शोधून काढलं. त्यांनी मला पाठीवर घेतलं. पंधरा वर्षांच्या घोडीला!

पुढच्या आठवड्यात बाबा मला नागपूरला मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, उदासी आणि घबराहट, दोन्ही आजारच आहेत, मलेरियासारखे, पोरीची चूक नाही. रोज एक गोळी, ती कॉलनीच्या दवाखान्यातून घ्यायची. येताना एसटीत आई-बाबांनी आणखी एक गोष्ट ठरवली. कॉलनीत सांगायचं, विशाखाला कावीळ झाली.

“काविळीले कोणी येडं म्हणत नाई,” आई म्हणाली.

म्हणून गिरजाबाईनं जंगलातून कसली कसली पानं आणून केलेला काविळीचा काढा मी आठ दिवस प्यायले. आमचं खोटं टिकावं एवढ्यासाठी! तो इतका कडू होता की उदासी त्याच्यापुढं गोड वाटावी.

तर, पैजेच्या दुसऱ्या दिवशी मी साडेपाचला गेटवर गेले. आईची जुनी चप्पल पायात होती. ती रस्त्यावरच्या दुसऱ्याच विजेच्या खांबाशी निसटली. तिसऱ्या खांबाशी मी खाली बसले.

“छाती धडधडून राह्यली ताई,” मी घाबरून म्हणाले. “तेच आलं पुन्हा.”

इंदुताई माझ्याजवळ उकिडवी बसली. माझं मनगट धरून घड्याळ पाहिलं. “हे ते नाई. तू धावली म्हणून धडधडते. याले कारण हाये. पाह्य, आता कमी होते.”

आणि खरंच कमी झालं. कारण असलेली धडधड मी वर्षभरात विसरलेच होते.

पुढं हळूहळू कळलं, ताईच्याही पर्समध्ये माझ्यासारखीच गोळ्यांची पट्टी असायची. सहा वर्षांपूर्वी तिनं दोन महिने खाट सोडली नव्हती. मी विचारलं, “मंग धावल्यानं ते जाते का जी?”

“जात नाई वं. काई दिस धावूनही रडू येते. पण सकाळी मी माझ्यासाठी एक काम केलेलं असते. पुढचा दिवस कसाही जावो.” मग बोट दाखवून म्हणाली, “आन् बरं वाटते म्हणून गोळी बंद करशीन तं याच बुटानं मारन.”

बाबांची परवानगी काढणं मात्र धावण्यापेक्षा अवघड होतं. बाबा, हरिदासभाऊ, खाणीच्या दिवाखोलीत कामाला. खाली उतरताना प्रत्येक कामगार आपला पितळी बिल्ला त्यांच्या खिडकीत देतो आणि टोपीचा दिवा घेतो. बिल्ला फळीवरच्या खिळ्याला लटकतो. वर आलं की दिवा परत, बिल्ला परत. पाळी सुटल्यावर एक जरी बिल्ला फळीवर राहिला तर समजायचं, एक माणूस अजून जमिनीखाली आहे. मग बाबा कोणाला विचारत बसत नाहीत. आधी भोंगा, मग चौकशी. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं.

तीन दिवस त्यांनी विचार केला आणि चौथ्या दिवशी एक बाद झालेला बिल्ला घरी आणला. नंबर तीनशे अठरा. दाराशेजारी खिळा ठोकला.

“जाताना टांगाचा. आली का काढाचा. मी रातपाळीहून येईन तवा हा खिळा रिकामा दिसला पाह्यजे. मंजूर?”

“मंजूर!”

पाऊस संपता संपता मी सातव्या खांबापर्यंत पोचले, मग पाण्याच्या टाकीपर्यंत. बाबांनी भद्रावतीहून कॅनव्हासचे बूट आणले, एक नंबर मोठे, “पाय वाढतीन” म्हणून. मी समोर कापूस कोंबला. वर्गात हात वर करायला लागले. एकदा तर इतिहासाच्या सरांची चूक काढली. कमला म्हणायची, “कावीळ उतरली का माणसाले एवढा जोर येते? मले पण होऊ दे एकडाव.” मी हसायचे आणि विषय बदलायचे.

डिसेंबरात आई धान कापणीला माहेरी, कुरखेड्याकडं गेली. बाबांची रातपाळी. त्या शनिवारी ताई ड्यूटीवर होती, मी एकटीच निघाले. बिल्ला टांगला. आणि काय झालं माहीत नाही, टाकी गेली, वळण गेलं, आणि समोर फाटक! मी फाटकाला हात लावला आणि न थांबता परत फिरले. फाटकवाल्यानं मला हिरवी झेंडी दाखवली. देवाशप्पथ. आमच्या घरी देवाची शपथ चालत नाही, पण दाखवली.

एवढा आनंद घेऊन रिकाम्या घरात कोण जातं? मी थेट कमलाच्या घरात घुसले. तिच्या घरचे पहाटेच कामाला गेले होते. तिथंच चहात बुडवून शिळी भाकर खाल्ली, तिथंच कमलाचा दुसरा ड्रेस चढवला आणि दोघी शनिवारच्या सकाळच्या शाळेत गेलो. बिल्ला? बिल्ला खिळ्यावर.

साडेआठला बाबा आले. खिळ्यावर तीनशे अठरा. घरात कोणी नाही. बाबांनी कोणाला काही विचारलं नाही. भोंगा घरी नव्हता, तर त्यांनी गेटवरची लोखंडी घंटा वाजवली. रातपाळीहून परतणारी वीस-पंचवीस माणसं, तोंडं अजून काळी, धावत आली. एक टोळी नाल्यात उतरली. एक बंद पडलेल्या जुन्या खाणीच्या तोंडाशी गेली. दोघांनी विहिरीत गळ टाकला. शाळेत कोणी पाहिलं नाही. खाणीतल्या माणसाला कोणी हरवलं की खालीच शोधायचं सुचतं.

अकराला शाळा सुटली. आम्ही गाणं म्हणत गल्लीत शिरलो आणि जागीच थांबलो. ओल्या कपड्यातली माणसं भिंतीला टेकून बसलेली. उंबऱ्यावर बाबा. मुठीत बिल्ला इतका घट्ट धरलेला की आकडे तळहातावर उमटले होते.

ते उठले. माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवला, मी पूर्ण आहे का बघितल्यासारखा. मग म्हणाले, “बंद. उद्यापासून धावणं बंद.”

“बाबा, मी फाटकाले हात लावला...”

“बंद म्हटलं ना!”

मग गिरजाबाई हळूच म्हणाली, “पण हरिदासभाऊ, पोट्टीले कावीळच झालती ना? काविळीच्या पोट्टीले नाल्यात काऊन पाहून राह्यले तुमी?”

बाबांनी बिल्ला सदऱ्याच्या खिशात टाकला आणि ते घरात गेले. मला उत्तर देता आलं असतं. दिलं नाही.

रविवारी मी धावले नाही. सोमवारी गोळी घेतली, तरी गोणी पुन्हा अंगावर आली, तीच, ओळखीची. शाळेत गेले नाही. दुपारी कमला आणि सुकरी आल्या. कमला दारातच फुगून उभी.

“कावीळ नव्हती तं आमाले काऊन नाई सांगतलं?”

“तुमी येडी म्हटलं असतं.”

“ते तं आमी तुले तिसरीपासून म्हणतो,” सुकरी म्हणाली आणि माझ्या शेजारी आडवी झाली. थोड्या वेळानं कमलाही. तिघी छताकडं बघत पडलो. कमलाचे पाय थंडगार होते. तासाभरात माझ्या लक्षात आलं, मी ‘काय झालं’ या प्रश्नाचं उत्तर शोधत नव्हते, कारण तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. गोणी गेली नाही. पण तिचं एक टोक कोणीतरी धरलं होतं.

मंगळवारी गोळ्या आणायला दवाखान्यात गेले. “ताई, तुमी बाबाले सांगा ना.”

इंदुताईनं पट्टी कापून दिली. “मी सांगून काय फायदा? तो बिल्ल्यावाला माणूस हाये. त्याले समजन अशा भाषेत तूच सांग.”

येताना मी गिरजाबाईच्या दारात थांबले आणि सगळं सांगून टाकलं. नाला, नागपूर, गोळी. ती म्हणाली, “मंग माझा काढा आठ दिस कायले पेली वं, माय?” आणि इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग जायला निघाले तर माझ्या पदरात, म्हणजे फ्रॉकच्या ओच्यात, मूठभर बोरं टाकली.

संध्याकाळी आई कुरखेड्याहून आली, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. भात शिजला. बाबा जेवायला बसले. मी वरवंटा उचलला आणि माझ्या खाटेच्या वर, भिंतीत, एक खिळा ठोकला.

“वरवंट्यानं खिळा ठोकते का वं?” आई ओरडली.

“ठोकला,” मी म्हणाले. माझी छाती धडधडत होती, पण याला कारण होतं. बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून मी बिल्ला काढला आणि मधोमध उभी राहिले.

“बाबा, आई, आयका. दाराचा खिळा धावाचा. तो मी परत आली का पह्यले रिकामा करन, मंग कमलाच्या घरी जाईन. शनिवारी चूक माझी होती. आन् हा आतला खिळा. मी घरातच हाये, पण खाली गेली हाये, अशा दिवशी बिल्ला इथी लटकन. तवा घंटा वाजवाची नाई. काय झालं म्हणून विचाराचंही नाई. तुमच्यातलं एक जण येऊन बाजूले बसाचं, बस. मीच वर येतो, वेळ लागते. गोळी चालू राह्यन. कावीळ मात्र आजपासून बंद. गिरजाबाईले मी खरं सांगून आली.”

बाबांचा घास हातातच होता.

“आन् उद्या साडेपाचले मी फाटकापर्यंत धावाले जाऊन राह्यली. विचारून नाई राह्यली, बाबा. सांगून राह्यली.”