एका चेहऱ्याचे पाहुणे

'टेक' या इंग्रजी क्रियापदाचे सगळे अर्थ आपापल्या बायकांसह कुरुंदवाडला नरहरबुवांच्या घरी मुक्कामाला आले, तेव्हा गोदाबाईंनी आधी पाण्याचे तांबे भरले. गावात कीर्तनाला बाहेरून कुणीही आलं तरी उतरायचं ते बुवांकडेच. त्यामुळे तुम्ही कुठले, कशासाठी आलात, असलं काही विचारायची या घरात पद्धत नव्हती.

सगळे अर्थ एकाच चेहऱ्याचे होते. तेच रुंद कपाळ, तोच पांढरा सदरा, भांगसुद्धा एकाच बाजूला. बायका मात्र फिनलंडच्या, आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. त्यांच्या भाषेत या सगळ्यांना पुरेल असा एक शब्द नाही. दर अर्थाला वेगळं क्रियापद, आणि तीच त्याची बायको. तेव्हा नवरा ओळखायचा तो बायकोवरून. ओत्ताबाईंचा नवरा हातात घेणारा. वाटी, औषध, कुणाचं तान्हं, पुढे कराल ते घ्यायचा. कुवताबाईंचा नवरा फोटो घ्यायचा. केस्तॅबाईंचा नवरा म्हणजे वेळ लागणं. तो जिथे बसेल तिथे वेळ लागायचा. आणि व्हिएदॅबाईंचा नवरा घेऊन जायचा. आल्या दिवशीच त्याने माजघरातलं फडताळ उचललं आणि घेऊन गेला. कुठे, ते कळलं नाही; परत आला तो रिकाम्या हातांनी. स्वभावाने वाईट नव्हता. जाताना वाटेतल्या चपला पायाने नीट बाजूला सारून गेला.

शेजारच्या सुलूवहिनी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "गोदाताई, एका चेहऱ्याचे एवढे पुरुष घरात. मला बाई एकच आवरता आवरत नाही."

"बायका आहेत ना बरोबर," गोदाबाई म्हणाल्या. "त्या शेजारी बसल्या की काही घोटाळा होत नाही."

बुवा मागच्या खोलीत पडून होते. डॉक्टरांनी नाडी बघून गोदाबाईंना ओटीवर बोलावलं होतं आणि सांगितलं होतं, संध्याकाळ निघणार नाही. त्याच दुपारी गोदाबाईंनी केस्तॅबाईंच्या नवऱ्याला हात जोडले आणि बुवांच्या उशाशी नेऊन बसवलं. तेव्हापासून त्या खोलीत तीच दुपार होती. बाहेर रात्र होई, सकाळ होई, दूध येई, केर निघे. आत खिडकीतल्या पेरूच्या झाडावर ऊन जिथे होतं तिथेच होतं. बुवा कण्हत, मधूनच हसत, पेज मागत. पेज घशाखाली उतरायला फार वेळ लागे. गोदाबाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती.

मग उत्सवाचं कीर्तन आलं. बुवांना उभं राहता येत नाही म्हणून त्यांची शिष्या चंद्रकला उभी राहणार होती. ती आत येऊन पाया पडली. बुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथे पोचेपर्यंत ती वाकून राहिली.

"बुवा, आवाज लागेल ना माझा?"

"तू त्याची काळजी करू नकोस. तू नुसतं उभं राहा," बुवा म्हणाले, आणि मान वळवून उशाशी बसलेल्या पाहुण्याकडे बघू लागले. "अगं, हे काय? घरात कीर्तन आणि पाहुणा इथे? बाहेर ने त्यांना."

गोदाबाईंच्या हातातला पेला थांबला. "अहो, ते उठले तर..."

"उठले तर ऊन हलेल. हलू दे. माझ्या घरी कीर्तन असताना कुणी मागच्या खोलीत बसलेलं नाही आजवर. नमन तरी ऐकू दे त्यांना."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. गोदाबाईंनी मनाशी हिशेब केला. नमन आणि निरूपण होईल, मध्यंतरात आपण बुक्का लावायला आणि हार घालायला उठूच, तेव्हाच पाहुण्याला परत आत पाठवू. तेवढा धीर पेरूचं झाड धरील. त्यांनी पाहुण्याला हाताला धरून दिवाणखान्यात आणलं. माणसं यायला लागली होती. नवऱ्यांमागून बायका, बायकांमागून नवरे अशी सगळी पाहुणेमंडळी दारात घुटमळत होती, आणि गोदाबाई जन्मभर करत आल्या तेच करून बसल्या. "बायका इकडे, पुरुष तिकडे," असं म्हणत त्यांनी ओत्ताबाई, कुवताबाई, केस्तॅबाई, व्हिएदॅबाई सगळ्यांना हाताने डावीकडे वळवलं आणि नवऱ्यांना उजवीकडे सतरंजीवर बसवलं.

झांज वाजली. चंद्रकलेचा पहिला सूर लागला तेव्हा गोदाबाईंचे डोळे मिटले. तो सूर बुवांचाच होता, फक्त बाईच्या गळ्यातला. डोळे उघडले तेव्हा त्यांना समोर पुरुषांची रांग दिसली. एकच चेहरा. थेट भिंतीपर्यंत.

त्या सरकत सरकत बायकांत गेल्या आणि केस्तॅबाईंच्या कानाला लागल्या. "तुमचे यजमान कुठले हो त्यातले?"

केस्तॅबाईंनी बराच वेळ बघितलं. "शेजारी बसल्याशिवाय आम्हाला पण कळत नाही."

"मग हाक मारा."

"नाव सगळ्यांचं एकच आहे. सगळे उठतील."

"तर तुम्हीच चला. एकेकाजवळ बसून बघा."

केस्तॅबाई उठल्या. पण निरूपण रंगत होतं, आणि जसजसं ते रंगत होतं तसतसा दिवाणखाना लांबत होता. असं बुवांच्या कीर्तनात नेहमी व्हायचं. माणसं वाढली की घर जागा करून द्यायचं, आणि गोदाबाईंना त्याचा अभिमानच होता. आज तो आडवा वाढला. बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू ह्यांत सतरंज्यांमागून सतरंज्या येत गेल्या. केस्तॅबाई चालत होत्या, त्यांच्या पद्धतीने, आणि पलीकडची रांग तेवढीच लांब राहत होती.

"त्यांना वेळ लागेल," व्हिएदॅबाई समजुतीने म्हणाल्या. त्यांनी अंगावरची शाल काढून घडी घातली होती.

मागच्या खोलीच्या दारातून गोदाबाईंना पेरूचं झाड दिसत होतं. शेंड्यावरचं ऊन गेलं होतं.

चंद्रकलेने नामाचा गजर धरला. मध्यंतर झालं. सगळे टाळ्या वाजवू लागले. गोदाबाईंनी तिच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला, आणि पाया पडताना तिला ऐकू येईल एवढंच बोलल्या, "चंदा, आख्यान लांबव."

"काकू, किती लांबवू?"

"होईल तेवढं."

मग त्या बुक्क्याची वाटी घेऊन पुरुषांच्या रांगेपाशी गेल्या, कारण श्रोत्यांना बुक्का लावायचाच असतो आणि त्या निमित्ताने प्रत्येकाजवळ थांबता येत होतं. पहिल्या कपाळाला बोट लावलं. ते त्याने घेतलं आणि सोडेना, तो ओत्ताबाईंचा. बोट सोडवून त्या पुढे गेल्या. पुढचा डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत राहिला. तो कुवताबाईंचा असावा. मग कपाळ, कपाळ, कपाळ. झाडाच्या खालच्या फांदीला थोडं ऊन उरलं होतं.

भिंतीला टेकून एकजण अगदी स्वस्थ बसला होता. हात मांडीवर, टाळीसुद्धा नाही. इतकं स्वस्थ बसलेलं कुणी त्यांनी फक्त बुवांच्या उशाशीच बघितलं होतं. गोदाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्याला बुक्का लावून त्या म्हणाल्या, "चला. ते आत एकटेच आहेत."

तो लगेच उठला. दोघं मागच्या खोलीकडे निघाली. वाटेत एक चप्पल आडवी पडली होती. ती त्याने पायाने नीट बाजूला सारली.

गोदाबाई उंबऱ्याशी थांबल्या. "तुम्हाला वेळ लागेल ना?"

"नाही," तो म्हणाला. "मला वेळ लागत नाही." आणि तो आत गेला.

त्यांनी त्याचा सदरा धरला होता. सदरा हातातून गेला. आत त्याने बुवांची चादर चारी बाजूंनी सारखी केली, मानेखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली एक, आणि धुतलेलं उपरणं उचलावं तसं बुवांना उचललं. बुवांनी डोळे उघडले.

"तुम्ही मघाचे नव्हे," बुवा म्हणाले.

"नाही."

"चहा झाला का तुमचा?"

"झाला."

खोलीतून बाहेर जायची वाट दिवाणखान्यातूनच होती. बुवांना दोन्ही हातांवर घेऊन तो आला तेव्हा माणसं बाजूला सरकली. कुणी हात जोडले, कुणी बुवांच्या लोंबत्या पायांना डोकं लावलं. सुलूवहिनींनी पदर तोंडाशी धरला. तिकडे सतरंज्यांच्या पार पलीकडे केस्तॅबाई अजून चालत होत्या. रांगेत मध्येच एकजण त्यांच्या दिशेने मान वळवू लागला होता, पण मान अर्धीही वळली नव्हती.

चंद्रकला पदाला लागली होती. बुवांनी ते ऐकलं आणि त्या माणसाच्या दंडावर दोन बोटं ठेवली.

"पद चाललंय," ते म्हणाले. "मध्ये उठून जात नाहीत."

तो दाराच्या चौकटीत थांबला. पाहुणा होता, घरची रीत त्याला मोडायची नव्हती. "संपलं की जाऊ," तो म्हणाला.

"हो. संपलं की."

चंद्रकलेने ते ऐकलं. पदाचा शेवटचा चरण आला होता. तो तिने म्हटला, आणि पुन्हा वर जाऊन पालुपद धरलं. पुन्हा शेवटच्या चरणाला आली, पुन्हा वर गेली. झांजवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि मग गोदाबाईंकडे, आणि तो वाजवत राहिला. श्रोत्यांनी ओळ उचलून धरली, एकेकाचे आवाज फाटले, बसले, गळून गेले. मग ती एकटीच गाऊ लागली. दारातला माणूस बुवांना घेऊन ताठ उभा होता, आणि बुवांची बोटं त्याच्या दंडावर ठेका धरत होती.

चंद्रकलेचा घसा सुकत चालला. सूर खरखरला, तुटायला आला. गोदाबाई धावत पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि त्यांनी तो तिच्या ओठांशी धरला. चंद्रकला पेल्याकडे बघत गात राहिली. पाणी प्यायला तोंड मिटावं लागलं असतं. गोदाबाईंना पेला मागे घेववेना, पुढेही करवेना. आणि दारातला माणूस मान किंचित वाकवून, अदबीने, दोघींकडे बघत होता.